हाँगकाँगमध्ये डिमसम खायला बसताना

डिमसम म्हणजे चहाबरोबर खायचे, बहुतेक छोट्या टोपल्यांत वाफवलेले पदार्थ. ते खायचे असतील तर आधी वेळ ठरवा, जागा नंतर. हे सकाळ-दुपारचं खाणं आहे. जुन्या वळणाची टी-हाउसेस भल्या सकाळी उघडतात आणि दुपारी तीनच्या सुमाराला टोपल्या आवरत्या घेतात. रात्री त्याच ठिकाणी गेलात तर अख्खा वाफवलेला मासा, भाजलेलं बदक असा मोठा बेत मिळेल, डिमसम बहुधा नाही. दिवसभर फक्त डिमसम विकणारी छोटी दुकानंही आता बरीच झाली आहेत, पण तिथे लोक खातात आणि उठतात. बसायची मजा हवी असेल तर सकाळी नऊच्या आत जा, तेही आठवड्याच्या मधल्या वारी. रविवारी अकरा ते एक या वेळात अख्खं हाँगकाँग आजी-आजोबांना घेऊन डिमसमला निघालेलं असतं. तेव्हा तुम्हाला नंबराची चिठ्ठी मिळेल आणि पुकारा तिथल्या कँटोनीज भाषेत होईल. दुपारी दोननंतर गेलात तर बऱ्याच ठिकाणी टोपल्या स्वस्त होतात, पण चांगलं-चुंगलं संपलेलं असण्याची शक्यता धरून चाला.

आमच्या घरात खाण्याचे तीन पंथ आहेत, म्हणून हे सगळं मला जरा खोलात जाऊन शिकावं लागलं. नवऱ्याला काहीच वर्ज्य नाही. मी मासे, कोळंबी, कोंबडी खाते, डुक्कर आणि गाय नाही. आणि आमच्या वन्सं पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. हे तिघे एका टेबलावर बसून एकाच किटलीतला चहा पिऊ शकतात, आणि तिघांचंही पोट भरू शकतं. मात्र थोडी तयारी लागते.

तिथले लोक ‘डिमसम खायला चला’ असं फारसं म्हणत नाहीत. ‘याम चा’ला चला म्हणतात, म्हणजे चहा प्यायला. बैठक चहाची, खाणं त्याच्या जोडीला. दक्षिण चीनमधल्या कँटनकडची जुनी रीतच आहे, एक झाकणाचा पेला चहा आणि दोन नग खाणं. तेवढ्यावर म्हातारी मंडळी पेपर उघडून सकाळ काढायची. ही रीत मी फार मनावर घेतली आहे, आणि तुम्हालाही तेच सांगेन: एका वेळी दोन, फार तर तीन टोपल्या मागवा. त्या संपत आल्या की पुढच्या. पाहुणे मंडळी काय करतात, तर फोटो बघून एकदम दहा टोपल्या मागवतात. त्या दहाही सात-आठ मिनिटांत टेबलावर येऊन आदळतात. पहिली खाईपर्यंत शेवटची गार होते, आणि गार झालेल्या डिमसमची पारी चिवट होते. मग ‘एवढं काही खास नाही’ म्हणत उठायचं. वाफेवरचा पदार्थ वाफ आहे तोवरच खावा.

आत शिरल्यावर पहिला प्रश्न किती जण, तो बोटांनी सुटतो. दुसरा प्रश्न येतो, ‘याम मे चा?’ म्हणजे कोणता चहा. इथे गोंधळून ‘एनी टी’ म्हणू नका, नाव सांगा. पो-लेई हा काळपट, मातकट वासाचा, आंबवून मुरवलेला चहा. तेलकट खाण्यावर उतारा म्हणून जुने लोक हाच घेतात. हेउंग-पीन म्हणजे मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास दिलेला, हलका. पहिल्यांदा जाणाऱ्याला हा सोपा पडतो. साउ-मेई फिकट आणि सौम्य. गुक-पो म्हणजे पो-लेईत शेवंतीची फुलं, माझा आवडता, कारण पो-लेईचा मातकटपणा फुलांनी निवळतो. दूध-साखर मागू नका, ठेवलेलीच नसते. चहाचे पैसे किटलीवर नसतात, माणशी लागतात, साध्या ठिकाणी १० ते २० हाँगकाँग डॉलर. चहा प्यायला नाही तरी लागतात, तेव्हा प्या. बरोबर बहुतेक वेळा गरम पाण्याची दुसरी किटली येते. चहा मुरून कडक झाला की त्यात ते पाणी ओतायचं असतं.

आता टेबलावरचा कार्यक्रम. साध्या टी-हाउसमध्ये एक मोठा वाडगा मधे ठेवलेला दिसला की समजा, भांडी विसळायची आहेत. पहिल्या वाफेचा चहा आपल्या छोट्या वाटीत ओतायचा, त्यात पेला गोल फिरवायचा, चमचा बुडवायचा, चॉपस्टिक्सची टोकं धरून त्यावर चहाची धार सोडायची आणि ते पाणी मधल्या वाडग्यात टाकायचं. भांडी धुतलेलीच असतात, ही केवळ सवय आहे. महागड्या हॉटेलात असं करत बसू नका, तिथे वाडगाही येणार नाही.

चहा स्वतःला शेवटी. आधी टेबलावरच्या वडीलधाऱ्यांना, मग बाकीच्यांना, मग आपल्याला. कोणी तुम्हाला चहा ओतला तर तोंडातला घास गिळून ‘थँक्यू’ म्हणायची गरज नाही. तर्जनी आणि मधलं बोट वाकवून टेबलावर दोनदा टकटक करायची. याची एक कथा सांगतात: चीनचा छ्येनलुंग बादशहा वेष पालटून फिरत होता आणि त्याने स्वतः सेवकाला चहा ओतला. सेवकाला दंडवत घालून बादशहाचं बिंग फोडता येईना, म्हणून त्याने बोटांनाच टेबलावर वाकायला लावलं. कथा खरी असो-नसो, सवय पक्की आहे. किटली रिकामी झाली की हाका मारू नका. झाकण अर्धवट सरकवून ठेवा, वेटर येताजाता बघून पाणी भरतो. आणि हाक मारायचीच असेल तर एक शब्द पुरतो, ‘म्-गोय’. वेटरला बोलवायला तोच, त्याने काही आणून दिल्यावर आभार मानायलाही तोच.

मागवायच्या पद्धती दोन. पहिली कागदाची. टेबलावर पदार्थांचा छापील कागद आणि पेन येतं, हव्या त्या पदार्थापुढे टोपल्यांची संख्या लिहायची किंवा खूण करायची. कागद चिनीत असेल तर इंग्रजी किंवा फोटोवाला मागून पाहा, प्रवासी येतात अशा भागात बहुधा असतो. आता कित्येक ठिकाणी टेबलावरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन करून मागवता येतं. किंमत पदार्थासमोर न लिहिता गट लिहिलेला असतो: लहान, मध्यम, मोठा, आणि त्याच्या वर खास. हे टोपलीचं माप नव्हे, किमतीचा गट आहे. तेवढी तीन अक्षरं ओळखता आली तर बिलाचा अंदाज राहतो. लहान म्हणजे मधे उभी रेघ आणि दोन बाजूंना एकेक फटकारा. मध्यम म्हणजे आडव्या चौकोनातून आरपार गेलेली उभी रेघ. मोठा म्हणजे हात पसरून, पाय फाकवून उभा असलेला माणूस. साध्या ठिकाणी एक टोपली २० ते ४० डॉलरच्या आसपास बसते, नामांकित ठिकाणी बरीच वर जाते.

दुसरी पद्धत ढकलगाडीची. ती आता कमी उरली आहे. सेंट्रल भागात सिटी हॉलच्या लो ब्लॉकमध्ये मॅक्सिम्स पॅलेस आहे, तिथे मोठ्या दालनात झुंबरांखाली अजून गाड्या फिरतात. गाडी जवळ आली की टोपलीकडे बोट दाखवायचं, बाई झाकण उचलून दाखवते, हवं तर मान हलवायची, ती तुमच्या कार्डावर शिक्का मारते. भाषा येत नसेल त्याला हे सोपं. पण गाडीला भाळून खाण्याचा दर्जा ठरवू नका. गाडीवरची टोपली चार टेबलं फिरून येते, कागदावर मागवलेली थेट वाफेवरून. चवीसाठी मी कागदाची बाजू घेईन, गाडी एकदा बघायला जावं. गाडीच्या ठिकाणी जागा मिळालीच तर स्वयंपाकघराच्या दाराजवळची घ्या.

आता काय मागवायचं. पहिल्या फेरीत हार गाउ घ्याच. ही कोळंबीची. गव्हाचा चीक आणि टॅपिओकाचं पीठ उकळत्या पाण्यात उकडून पारी करतात, त्यामुळे ती शिजल्यावर काचेसारखी होते आणि आतली गुलाबी कोळंबी दिसते. ठिकाण चांगलं आहे की नाही हे मी हिच्यावरून ठरवते. चॉपस्टिकने उचलताना पारी टोपलीच्या कागदाला चिकटून फाटली तर ती जास्त वाफवली आहे किंवा ठेवून दिलेली आहे. कडेच्या चुण्या बारीक आणि एकसारख्या हव्यात, जाणकार त्या मोजतात. पारी दाताखाली किंचित ओढली जावी आणि कोळंबी कटकन तुटावी. एका वेळी अख्खी तोंडात घाला, अर्धी तोडाल तर आतला रस वाटीत जाईल. माझ्यासारखं डुक्कर टाळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, पारंपरिक हार गाउच्या सारणात बांबूच्या कोंबाबरोबर डुकराच्या चरबीचे बारीक तुकडेही घालतात. तेव्हा विचारा.

हार गाउच्या जोडीला नवरा सिउ माइ घेतो: उघड्या तोंडाची, पिवळ्या पारीतली, डुक्कर आणि कोळंबीची, वर केशरी ठिपका. चार सिउ बाउ म्हणजे गोडसर भाजक्या डुकराच्या मांसाचा पाव. वाफवलेला वरून उकललेला असतो, भाजलेला सोनेरी. त्याच्या बुडाला कागद असतो, तो काढायचा. भाजलेल्या प्रकाराने टिम हो वान या दुकानाचं नाव जगभर झालं. २००९ मध्ये मोंग कोकला सुरू झालेल्या त्या छोट्या जागेला लवकरच मिशेलिन या रेस्टॉरंटांच्या मार्गदर्शिकेचा तारा मिळाला, आता देशोदेशी शाखा आहेत. एखाद्या शाखेत रांग लांब असेल तर तिथेच अडून बसू नका, शेजारच्या गल्लीत कोणीतरी तितकंच चांगलं करत असतं.

च्योंग फन ही तांदळाच्या पिठाची वाफवलेली, रेशमासारखी गुंडाळी. आत कोळंबी, गोमांस किंवा चार सिउ, वरून गोडसर सोया सॉस. चॉपस्टिकला ती दाद देत नाही. खालून चमचा लावा, कोणी हसत नाही. लो-माइ-गाइमध्ये चिकट तांदूळ आणि कोंबडी कमळाच्या पानात बांधून वाफवतात. पान उघडायचं, खायचं नाही. पोट भरण्यात ही सगळ्यांत पुढे, म्हणून ती शेवटच्या फेरीत आणि दोघांत एक. लाउ सा बाउच्या पोटात खारवलेल्या अंड्याच्या पिवळ्याची वितळलेली गोड मलई असते आणि ती जिभेला चांगलीच पोळते. फोडून दोन मिनिटं थांबा.

कोंबडीच्या पायांबद्दल दोन शब्द, कारण फुंग जाउ टेबलावर आलं की निम्मी मंडळी मान फिरवतात. पाय आधी तळतात, मग पाण्यात भिजवतात, मग आंबवलेल्या काळ्या सोयाबीनच्या मसाल्यात शिजवतात. तळून भिजवल्यामुळे कातडी फुगून सुरकुतते आणि रस पिते. त्यात मांस शोधू नका, ते नसतंच. एक बोट तोंडात घ्यायचं, कातडी चोखून सोडवायची आणि हाडं ओठांनी बाहेर काढून आपल्यासमोरच्या छोट्या बशीत ठेवायची. ती बशी हाडांसाठीच असते. वेटर भरलेली उचलून कोरी ठेवतो. मला हे आवडतं. वन्सं तेवढा वेळ खिडकीबाहेर बघतात.

टोपल्या मधे, आणि सगळ्यांत वाटून, ही पद्धत. टेबलावर चॉपस्टिक्सच्या दोन जोड्या ठेवलेल्या दिसल्या तर वेगळ्या रंगाची जोडी वाढून घ्यायची आणि दुसरी तोंडात घालायची. २००३ च्या सार्सच्या साथीनंतर ही वाढपाची जोडी जास्त रुळली. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचू नका, ते मृताला लावलेल्या उदबत्तीसारखं दिसतं. आणि गर्दीत मोठ्या गोल टेबलावर अनोळखी कुटुंबाशेजारी बसवलं तर बावरू नका, ती तिथली रीत आहे. त्यांच्या टोपल्यांत काय आहे ते बघून घ्यायला मात्र चांगली संधी मिळते.

शाकाहारी माणसासाठी हा प्रकार खरंच अवघड आहे, आणि ‘व्हेजिटेबल’ या शब्दावर अजिबात विसंबू नका. एका ठिकाणी वेटरने खात्रीने ‘व्हेजिटेबल रोल’ म्हणून सोयाबीनच्या दुधाच्या सायीची गुंडाळी आणली. वन्सं म्हणाल्या, “वहिनी, आधी तुम्ही उघडून बघा.” मी चॉपस्टिकने टोक सोडवलं. वर गाजर, मशरूम, आणि त्यांच्याखाली खिम्याचा गुलाबी गोळा. वेटर खोटं बोलत नव्हता. भाज्या होत्याच. बांबूच्या कोंबाची, मशरूमची, सोयाबीनच्या सायीची नावं ऐकून शाकाहारी समजू नका. मुळ्याच्या वडीत, म्हणजे लो बाक गोमध्ये, चिनी सॉसेज आणि सुकी कोळंबी असते. अळकुडीच्या कुरकुरीत वू कोकमध्ये खिमा. हिरव्या गाय लान भाजीवर ऑयस्टर सॉस. पावांच्या आणि पेस्ट्रीच्या पिठात डुकराची चरबी असू शकते.

म्हणून तिथला शब्द वापरा: ‘सिक जाय’, म्हणजे मी बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवते. हे ऐकल्यावर वेटर वेगळ्याच गांभीर्याने पदार्थांच्या कागदावरून बोट फिरवतो, आणि या पद्धतीत कांदा-लसूणही बसत नाही. उच्चाराचा भरवसा नसेल तर फोनवर चिनी अक्षरांत लिहून दाखवा, आणि खाली सुटं-सुटं लिहा: मांस नाही, कोळंबी नाही, ऑयस्टर सॉस नाही, डुकराची चरबी नाही, अंडं नाही. साध्या ठिकाणी मिळू शकतं ते असं: आत काही न भरलेली च्योंग फन, तिला जाय च्योंग म्हणतात, सॉसशिवाय उकडलेली भाजी, तिळाचे तळलेले गोल जीन द्योय, चरबीचं विचारून, आणि आल्याच्या पाकातलं मऊ तोफू. एवढ्यावर चहा होतो, जेवण होत नाही.

त्यापेक्षा एक सकाळ शाकाहारी ठिकाणीच घालवा. ॲडमिरल्टीजवळ हाँगकाँग पार्कमध्ये चहाच्या भांड्यांचं संग्रहालय आहे, त्याला लागून लॉक चा नावाचं चहागृह आहे आणि तिथलं डिमसम शाकाहारी असतं. अंडं चालत नसेल तर तेवढं विचारा. जाण्याआधी वेळा बघून घ्या. डायमंड हिलला नान लियान बागेत धबधब्यामागे शाकाहारी रेस्टॉरंट आहे, तिथे डिमसमसाठी नाही पण शांतपणे जेवायला जावं. आणि डुक्कर नको पण मांस हवं, असा माझ्यासारखा प्रश्न असेल, तर वान चायला ओइ क्वान रोडवर मशिदीच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर इस्लामिक सेंटरचं कँटीन आहे. तिथे हलाल डिमसम मिळतं. जागा अगदी साधी, पण तिथे मी एकही प्रश्न न विचारता खाते.

थाट बघायचा असेल तर स्टॅनली स्ट्रीटवरचं लुक यू. १९३३ सालचं टी-हाउस, सध्याच्या जागेत १९७६ पासून. लाकडी खण, छताचे पंखे, पांढऱ्या कोटातले वयस्कर वेटर. सकाळी लवकर तिथे नेहमीच्या गिऱ्हाइकांचा हक्क चालतो, जागा कुठे मिळेल हे तेच ठरवतील. पैसे जास्त लागतात आणि आग्रह कोणी करत नाही.

एकटे असाल तर दोन टोपल्या आणि चहा एवढंच मागवा, टोपलीत तीन-चार नग असतात. तिसरी मागवलीच तर उरलेलं बांधून मिळतं, ‘दा पाउ’ म्हणा.

बिलासाठी ‘माइ दान’ म्हणा किंवा हवेत सही केल्यासारखा हात करा. कागद किंवा कार्ड एकदा डोळ्यांखालून घाला. न मागवता ठेवलेल्या शेंगदाण्यांचे किंवा लोणच्याचे पैसे लावलेले असू शकतात. नको असतील तर आल्याबरोबर परत द्यायचे. बहुतेक ठिकाणी १० टक्के सेवाशुल्क बिलातच असतं, वेगळी टिप लागत नाही. सुटे डॉलर ठेवून उठलात तर पुरे. जुन्या छोट्या दुकानात कार्ड चालेलच असं नाही, रोख जवळ असू द्या.

गोडासाठी मी टी-हाउसमध्ये थांबत नाही. दान तात, म्हणजे अंड्याचे टार्ट, बेकरीत भट्टीतून निघाल्या निघाल्या खावेत. सेंट्रलला लिंडहर्स्ट टेरेसवर ताय चेओंग बेकरी आहे. शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन तिथल्या टार्टचे भोक्ते होते. तिथला टार्ट बिस्किटासारख्या खुसखुशीत कवचाचा, इतरत्र पदर सुटणारा मिळतो. दोन्ही प्रकार एकेक घ्या आणि उभ्यानेच खा, पदर सुटणाऱ्याचा चुरा कपड्यांवर पडतो.